रोगाला दार बंद करणारे बियाणे
भोर-वेल्ह्यातील भाजीपाला उत्पादकांनी समजून घ्यावे असे नवे तंत्र

भोर, वेल्हे म्हटले की भात आधी डोळ्यांपुढे येतो. पण भात निघाला, की जिथे धरणाचे, ओढ्याचे नाहीतर विहिरीचे पाणी आहे तिथे टोमॅटो, मिरची, काकडी, वांगी उभी राहतात. घरात रोकडा पैसा येतो तो या मालातून, आणि रोग खातो तोही हाच पैसा.

टोमॅटोची पाने वाटीसारखी वळली, झाड खुंटले, की पहिला प्रश्न असतो, "औषध कुठलं मारू?" खरे उत्तर कडू आहे. विषाणू झाडात शिरल्यावर त्याला मारणारे औषधच नाही. फवारणी होते ती पांढऱ्या माशीवर. तोवर रोग पुढच्या सरीत गेलेला असतो. म्हणून इलाज बियाण्यातच शोधावा लागतो.

कात्री कशी चालते?
रोगट बुरशी किंवा विषाणूला झाडात शिरायला झाडाचीच काही जनुके मदत करतात. जणू घरातलाच कोणी कडी काढून देतो. 'क्रिस्पर' या तंत्राने नेमके तेच जनुक कापून निकामी करता येते. या शोधासाठी शार्पेंटिए आणि डाउडना या दोन शास्त्रज्ञ महिलांना २०२० चे नोबेल मिळाले.

इस्राएलमध्ये २०१६ साली अशी काकडी तयार झाली, की तिच्यावर काही विषाणूंचे चालेना. २०१७ साली इंग्लंडमध्ये भुरीला दाद न देणारा टोमॅटो तयार झाला. तयार झालेल्या दोन्ही वाणांत बाहेरचे काही राहिले नव्हते. होते त्यातलेच काढले होते.

हे बीटी वांगेच का?
नाही. बीटी वांग्यात जमिनीतल्या जिवाणूचे जनुक घातले होते. त्याच्या लागवडीला केंद्राने फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. जनुक-संपादनाने केलेल्या वाणात बाहेरचे जनुक राहिले नसेल, तर जी.एम.च्या कडक नियमांतून त्याला ३० मार्च २०२२ पासून सूट आहे. मे २०२५ मध्ये देशातील पहिले दोन असे वाण जाहीर झाले, तेही भाताचे. त्यांपैकी 'डीआरआर धान १००' म्हणजे 'कमला' हा हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून केला आणि तो सुमारे वीस दिवस आधी तयार होतो. दुसरा, 'पुसा डीएसटी राईस १', खारवट जमिनीसाठी आहे. दोन्ही वाण रोगासाठी केलेले नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

हुरळून जाऊ नये
विषाणूही बदलतो. एकाच जनुकावर उभा केलेला बांध तो काही वर्षांत फोडू शकतो. दुसरे म्हणजे पैशाचे. क्रिस्परची पेटंटे परदेशी संस्था-कंपन्यांकडे आहेत. बियाणे सरकारी संस्थेतून येणार की कंपनीच्या पाकिटातून, यावर त्याचा भाव ठरेल. २००१ च्या कायद्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. मात्र संकरित वाणाचे बी राखून उपयोग नाही. ग्रामसभेत हे प्रश्न आत्ताच विचारायला हरकत नाही.

तोवर काय करावे?
रोपवाटिका बारीक जाळीच्या आत करा. शेताच्या कडेने मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी घ्या. पिवळे चिकट सापळे लावा. रोगट झाड दिसताच उपटून जाळा किंवा पुरा, बांधावर टाकू नका. टोमॅटोनंतर लगेच मिरची-वांगे घेऊ नका.

आणि उद्या कोणी "नवीन जीनवालं, रोग येतच नाही" म्हणून पाकीट पुढे केले, तर लेबल वाचा, पक्की पावती घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय पेरू नका. नव्या शोधाची वाट जरूर पाहावी, पण हंगाम हातातल्या बियाण्यावरच निभवायचा असतो.