पडदा निघाला, आवाज परतला

अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभी’ १९२७ साली रंगमंचावर आलं आणि मास्टर दीनानाथांच्या गळ्यानं गाजलं. तेव्हा कुठले माईक नि कुठले स्पीकर! गळ्यातून निघालेली तान सगळ्यात मागच्या बाकापर्यंत जायची ती भिंती, छत आणि सज्जे यांच्या भरवशावर. नाट्यगृह हे गायकाचं दुसरं वाद्यच.

मुंबईत चर्नी रोडला असं एक वाद्य आहे, रॉयल ऑपेरा हाउस. नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे व्यापारी जहांगीर कराका यांनी ते उभारलं. १९११मध्ये पंचम जॉर्जनं उद्‌घाटन केलं तेव्हा बांधकाम अजून चालूच होतं. बालगंधर्व इथे गायले, दीनानाथही गायले. मग बोलपट आला आणि १९३५च्या सुमारास इथे पूर्णवेळ सिनेमा सुरू झाला.

आता गंमत बघा. सिनेमाचा आवाज आधीच मुद्रित झालेला असतो, त्यात घुमारा हवा तेवढा घातलेला असतो. पडद्याला बारीक बारीक छिद्रं असतात, आवाज मागच्या स्पीकरमधून त्यांतून बाहेर येतो. सभागृहानं त्यात स्वतःची भर घातली की संवाद गढूळ होतात. म्हणून सिनेमागृह ‘कोरडं’ लागतं, घुमारा सेकंदभरात विरायला हवा. गाण्याला नेमकं उलट हवं: सूर सव्वा-दीड सेकंद रेंगाळला पाहिजे, नाहीतर गळा उघडा पडतो. एकाच वास्तूकडून दोन परस्परविरोधी स्वभावांची अपेक्षा!

ऑपेरा हाउसमधले बाजूचे बॉक्स, म्हणजे भिंतीलगतचे छोटे बैठक-कक्ष, सिनेमासाठी काढले गेले होते. मला त्याचीच सर्वात हळहळ वाटते, कारण असे उंचसखल, नक्षीदार कोपरेच सूर चहूकडे विखुरतात. गुळगुळीत भिंत तो एकाच दिशेला फेकून देते. १९९०च्या दशकात सिनेमाही थांबला आणि वास्तू बंद पडली. मालकी गोंडलच्या राजघराण्याची. त्यांनी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे काम सोपवलं. बॉक्स पुन्हा उभे राहिले, सोनेरी नक्षी उजळली. ऑक्टोबर २०१६मध्ये ऑपेरा-गायिका पॅट्रिशिया रोझारिओ इथे गायल्या, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला.

आपल्याकडच्या बंद पडलेल्या टॉकीजपुढून जाताना मला आता आतल्या छताचा आकार आठवावासा वाटतो. मुंबईला गेलात, तर ऑपेरा हाउसचं तिकीट वरच्या बाल्कनीचं काढा. छताची रचनाच अशी केली होती, की तिथवर शब्द न् शब्द पोचावा.