गिअर बॉक्स चढवताना
चालती जुनी गाडी : भाग सातवा

मागच्या आठवड्यात आपण मारुती व्हॅनचा गिअर बॉक्स खोलला, बेअरिंग, ब्रासच्या सिंक्रो रिंगा आणि ऑईल सील बदलले आणि तो पुन्हा बंद केला. टेबलावर हातानं फिरवला तर लोण्यासारखा फिरतो. मालकाला वाटतं, झालं काम. पण असा बांधलेला बॉक्स दोन महिन्यांत परत गॅरेजला येतो, तेव्हा दोष दात्यांत क्वचितच सापडतो. चढवतानाची घाई, चुकीचं तेल, नाहीतर शेजारचा चार पैशांचा भाग 'चालतंय की' म्हणून तसाच ठेवलेला, हीच कारणं निघतात.

ही व्हॅन 1984 साली आली, 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये ती बंद झाली. एमएच-25 ची पाटी लावून ती आपल्या जिल्ह्यात अजून शाळेची पोरं, भूमकडचा खवा आणि तुळजापूरचे भाविक वाहते. केंद्राच्या 2021 च्या नियमानुसार गाडी 'व्हिंटेज' ठरायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे अगदी पहिल्या व्हॅनलाही 2034 पर्यंत तो मान नाही. तोवर ती नुसतीच म्हातारी, आणि पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओच्या दारात उभी.

तयार बॉक्स विकत आणणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन मारुती 800 मध्येही होतं, म्हणून तिचाच बॉक्स बसेल असं सांगणारे भेटतात. बसत नाही. 800 चं इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना; व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली उभं, त्याच्या मागे गिअर बॉक्स आणि तिथून प्रोपेलर शाफ्टनं मागच्या चाकांना ओढ. जुना आणि आणलेला बॉक्स शेजारी ठेवून जुळवा. नवी क्लच प्लेट इनपुट शाफ्टच्या दात्यांवर सरकवून बघा. एवढं दुकानातच करायचं, गाडीखाली आडवं झाल्यावर नाही.

बॉक्स खाली असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑईल सील दिव्याखाली धरून बघा. यातला एकेक भाग स्वस्त, पण तो नंतर बदलायचा म्हटलं की सगळा बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. मजुरी तीच, दुसऱ्यांदा. इथे काटकसर करणाऱ्या मालकाशी मी वाद घालतो, आणि बहुतेकदा हरतो.

आता चढवणं. क्लच प्लेट बरोबर मध्यावर आली पाहिजे. त्यासाठी जुना इनपुट शाफ्ट सगळ्यात उत्तम. नसेल तर पायलट बेअरिंगमध्ये घट्ट बसेल असा घासून घेतलेला लाकडी दांडा चालतो. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे नीट बघा. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. दात्यांना ग्रीसचा नुसता हात लावा, जास्त झालं तर ते उडून प्लेटवर जातं. बॉक्स जॅकवर तोलून सरळ पुढे न्या आणि टॉप गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट थोडा थोडा फिरवा, म्हणजे दाते आपोआप जुळतात. हाउसिंग इंजिनाला हातानंच टेकलं पाहिजे. बोटभर फट राहिली आणि बोल्ट आवळून ती मिटवली, तर प्लेटचा हब वाकतो किंवा हाउसिंगला चीर जाते. जॅक सोडून बॉक्स शाफ्टवर लोंबकळत ठेवणं हाही तसलाच अत्याचार. शेवटी क्लच केबल ओढून पेडलला थोडी मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं.

तेलाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त बॉक्स इथेच मरतात. गिअर टाकताना ब्रासची रिंग शेजारच्या शंकूला घासून दोन्हींचा वेग सारखा करते आणि मगच दाते गुंततात. म्हणजे तिला घर्षण हवंच असतं. मागच्या डिफरन्शियलला लागणाऱ्या जीएल-5 तेलात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. हायपॉइड दात्यांना ती वाचवतात, पण काही तेलांतली ही द्रव्यं ब्रास खातात, आणि तेल जास्त निसरडं असल्यानं रिंगेची पकडही ढिली पडते. म्हणून बॉक्सला जीएल-4. बऱ्याच ठिकाणी एकाच डब्यातून दोन्हीकडे ओततात, आणि थंडीत दुसरा गिअर कुरकुरायला लागला की मेकॅनिकला शिव्या बसतात. डबा स्वतः वाचा. गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल आलं की थांबा. जुनं तेल सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो गंजून बसला असेल तर रिकाम्या बॉक्सची गाडी दारातच उभी राहील.

पहिले हजारेक किलोमीटर गाडी उमरग्याकडच्या सपाट रस्त्यावर, कमी-जास्त वेगानं चालवा. सगळं खानदान भरून तुळजापूरचा घाट नको. त्यानंतर तेल बदला. बोल्टला राखाडी चिखलासारखा थर असेल तर काळजी नाही, नव्या भागांची झीज असते. चकाकणारे तुकडे निघाले तर बॉक्स उघडा. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, गाडी पूर्ण थांबू द्या. आणि लिव्हरवर हात ठेवून बसायची सवय सोडा. तो भार आतल्या फोर्कवर जातो आणि फोर्क झिजला की गिअर उडी मारतो.

आवाज आलाच तर क्लच दाबून ऐका. न्यूट्रलला येणारा आवाज क्लच दाबल्यावर बंद झाला तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात गप्प असेल, तर खालच्या काउंटर शाफ्टचे बेअरिंग बघा. चौथ्यात ओढ वरच्या वर थेट जाते, त्या शाफ्टवर भार येत नाही. वेगाबरोबर वाढणारी आणि गिअर कुठलाही असला तरी न बदलणारी थरथर मात्र बॉक्सची नव्हे, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची. तो पुढच्या आठवड्यात.