पंधरा मिनिटांची तबकडी

जुन्या मनगटी घड्याळाची ओळख पटवू पाहणाऱ्याची नजर साहजिकच प्रथम तबकडीवर जाते, कारण घड्याळ स्वतःविषयी जे काही सांगते ते बहुतांशी तिथेच सांगते. परंतु बदलायला सर्वांत सोपा भागही हीच तबकडी असल्यामुळे तिची साक्ष इतर भागांशी ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरता येत नाही. खेळासाठी बनवलेल्या घड्याळाच्या बाबतीत तर ही ताडणी विशेष फलदायी ठरते, कारण तिथे तबकडीवरचे रंग शोभेपुरते नसून खेळाच्या नियमाशी आणि आतल्या दातेरी चाकांशी बांधलेले असतात. होयर या स्विस कंपनीने १९६८ साली काढलेले ‘स्किपर’ हे घड्याळ याचे उत्तम उदाहरण होय.

या घड्याळाची तबकडी प्रथमदर्शनी कोड्यातच टाकते. गडद निळ्या पृष्ठभागावर दोन लहान उपतबकड्या आहेत आणि त्यांपैकी उजवीकडची, नारिंगी, हिरवा आणि निळसर हिरवा अशा तीन सारख्या रंगीत भागांत विभागलेली आहे. हे कोडे सोडवायचे तर शिडाच्या नौकांची शर्यत कशी सुरू होते हे समजून घ्यावे लागते. धावपटू रेषेमागे स्थिर उभा राहू शकतो; नौकेला तसे थांबता येत नाही, वारा आणि प्रवाह तिला सतत हलवतच असतात. म्हणून सर्व नौका सुरुवातीच्या रेषेमागे घिरट्या घालत राहतात आणि तोफेच्या व निशाणांच्या इशाऱ्यांवरून उरलेली मिनिटे मोजत, अखेरचा इशारा होताच रेषा ओलांडता येईल अशा बेताने येतात. रेषा आधीच ओलांडली तर मागे फिरून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्या काळी हे इशारे पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांनी देण्याचा प्रघात होता आणि उपतबकडीवरचा एकेक रंग हा असा एकेक टप्पा आहे. नौकेच्या म्होरक्याला, म्हणजेच स्किपरला, पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत बारीक आकडे वाचण्याची गरज पडू नये, काटा कोणत्या रंगावर आहे एवढे दिसले तरी काम भागावे, हा त्यामागचा विचार मोठा सुज्ञ आहे.

१९६७ साली अमेरिकेतील न्यूपोर्टच्या समुद्रात झालेल्या अमेरिकाज कप या शर्यतीत ‘इंट्रेपिड’ या अमेरिकन नौकेने ‘डेम पॅटी’ या ऑस्ट्रेलियन नौकेला ४-० असे हरवले. इंट्रेपिडवरील चमूजवळ होयरची कालमापक घड्याळे होती आणि त्या विजयाच्या पार्श्वभूमीवर पुढच्याच वर्षी स्किपर आले. त्यासाठी कंपनीने आपल्या १९६३ पासूनच्या ‘कॅरेरा’ या घड्याळाची ३६ मिलिमीटरची डबी वापरली, आणि आज ओळख पटवण्याची खरी अडचण नेमकी इथेच उद्भवते. सामान्य कॅरेरा पुष्कळ बनले, ही पहिली स्किपर मात्र थोडीच. त्यामुळे कॅरेरावर स्किपरची तबकडी चढवून ते दुर्मीळ म्हणून विकण्याचा मोह उघडच आहे.

अशा वेळी तबकडी दहापट भिंगाखाली पाहावी लागते. कोरलेल्या पाट्यावरची शाई मऊ बोंड्याने उचलून तबकडीवर उमटवण्याच्या मूळ पद्धतीत अक्षरांच्या कडा स्वच्छ आणि शाई किंचित उठावदार राहते, तर नंतर रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड होतात, रेघा पसरतात आणि दोन रंगांची सीमा डळमळते. मुंबईतील कारागिरांनी ही पुन्हा रंगवण्याची कला मोठ्या प्रमाणावर चालवली. पावसाळी दमटपणाने डागाळलेली एचएमटी किंवा फाव्र-ल्यूबाची तबकडी नवी करून घेणे ही रोज घड्याळ वापरणाऱ्याची गरज होती, आणि ती भागवणाऱ्यांना खोटारडे म्हणणे अन्यायाचे होईल. फसवणूक सुरू होते ती असे घड्याळ मूळ अवस्थेतले म्हणून विकले जाते तेव्हा. अशा पुन्हा रंगवलेल्या, भडक रंगांच्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

तबकडीनंतर डबी पाहावी. पट्टा जिथे अडकवतात त्या दोन शिंगांच्या मधल्या कडेवर, बाराच्या बाजूला, घड्याळाच्या प्रकाराचा क्रमांक कोरलेला असतो. पट्टा काढल्याखेरीज तो दिसत नाही. पहिल्या स्किपरचा क्रमांक ७७५४ आहे, तर तशाच दोन उपतबकड्यांच्या सामान्य कॅरेराचा ७७५३, आणि एका आकड्याच्या या फरकावर पुष्कळदा सारा निकाल लागतो. मात्र पट्ट्याच्या घर्षणाने किंवा अतिरेकी पॉलिशने आकडा पुसट झालेला असला, तर आतील यंत्राकडेच वळावे लागते.

दोन्हींत व्हॅल्जू ७७३० हेच चावीचे क्रोनोग्राफ यंत्र आहे. क्रोनोग्राफ म्हणजे चालू वेळेला धक्का न लावता, बटण दाबून वेगळा कालावधी मोजता येईल असे घड्याळ. सामान्य कॅरेरात मिनिटे मोजणारा छोटा काटा ३० मिनिटांत एक फेरी पुरी करतो, तर स्किपरसाठी त्याची जुळणी बदलून ही फेरी १५ मिनिटांची केलेली आहे, आणि म्हणूनच डबी न उघडताही पारख करता येते. वरचे बटण दाबून मोठ्या सेकंदकाट्याच्या पाच फेऱ्या शांतपणे मोजाव्यात. अस्सल स्किपरमध्ये तेवढ्या वेळात छोट्या काट्याने एक रंग पूर्ण ओलांडलेला असतो. केवळ तबकडी बदललेल्या कॅरेरात तो त्याच रंगाच्या मध्यावर उभा दिसतो.