पडद्यावरचा शार्क आणि आपली मुशी

चैत्रात मावळात समुद्र चढून येतो. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी कार्ल्याच्या पायऱ्या चढतात आणि लेण्यांच्या दाराशी असलेल्या एकवीरा आईपुढे हात जोडतात. या माणसांना शार्क ठाऊक आहे तो मुशी म्हणून, कोकणात मोरी म्हणून. जाळ्यात येणारी, बाजारात विकली जाणारी, कालवणात पडणारी ती मासळी. खाली लोणावळ्यात किंवा वडगावात शार्क म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो टीव्हीवरचा जबडा. सरळ रेषेत समुद्र इथून साठेक किलोमीटरवर आहे, तरी आपली शार्कशी ओळख करून दिली ती पडद्यानेच.

खरा शार्क त्या जबड्यापेक्षा कितीतरी अद्भुत आहे. कार्ल्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. शार्कचं कूळ ४० कोटी वर्षांहून जुनं. डायनासोर नव्हते, धड झाडंही उभी राहिली नव्हती, तेव्हापासून ते समुद्रात आहे. सह्याद्री त्याच्यापुढे पोरसवदा ठरतो.

आपल्या किनाऱ्यावरची छोटी मुशीच पाहा. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘स्कॉलिओडॉन’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली ती हीच. लांबी जेमतेम दोन-अडीच फूट. तिचं अंडं असतं मिलिमीटरभराचं, पण पिल्लू आईच्या पोटात नाळेवर वाढतं आणि जिवंत जन्माला येतं. सगळ्याच शार्कांच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ भरलेला. भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारी अतिसूक्ष्म वीज त्यांना जाणवते. म्हणून गढूळ पाण्यात, वाळूखाली दडलेला मासाही सुटत नाही.

हे टीव्हीवर क्वचितच दिसतं. १९७५ साली ‘जॉज’ आला आणि शार्क म्हणजे नरभक्षक हे जगभर ठसलं. ज्यांच्या कादंबरीवर तो सिनेमा निघाला, त्या पीटर बेंचली यांनी पुढे आयुष्यभर शार्क वाचवण्यासाठी काम केलं. १९८८ पासून डिस्कव्हरीवर ‘शार्क वीक’ सुरू झाला. २०१३ मध्ये तिथे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगालोडॉन अजून जिवंत असल्याचं भासवणारा कार्यक्रम झळकला, आणि त्यातले शास्त्रज्ञ होते चक्क नट. २०२२ मध्ये संशोधकांनी या मालिकेचे २०१ भाग तपासले. संवर्धनाचा त्रोटक उल्लेख निम्म्याहून थोड्या अधिक भागांत सापडला, पण चांगल्यापेक्षा वाईट रूपातच शार्क जास्त वेळा दाखवलेला होता.

नुसत्या आवाजाचा परिणाम तर थक्क करणारा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन हजारांहून अधिक लोकांना पोहणाऱ्या शार्कांची मिनिटभराची एकच फीत दाखवली. कुणाला भयसूचक संगीतासह, कुणाला प्रसन्न संगीतासह, कुणाला निःशब्द. भयसूचक संगीत ऐकलेल्यांचं शार्कांबद्दलचं मत इतरांपेक्षा वाईट झालं. चित्र तेच, शार्क तेच. भीती घातली ती वाद्यांनी.

या भीतीची किंमत शार्क मोजतात. जगभरात न डिवचता शार्कने माणसाला चावण्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर घडतात. उलट मासेमारीत वर्षाला आठ कोटींच्या आसपास शार्क मरतात. बहुतेक मोठ्या जाती उशिरा वयात येतात, थोडीच पिल्लं देतात, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. आज शार्क आणि पाकट यांच्या सुमारे एक तृतीयांश जाती संकटात आहेत. आणि ज्याची धास्ती बसलीय त्याला वाचवा म्हणून कोण पुढे येणार?

पण कॅमेरा जीव वाचवूही शकतो, आणि त्याचा पुरावा शेजारीच आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची कत्तल चालायची. हा जगातला सगळ्यात मोठा मासा, पण खातो प्लवकं आणि बारीक जीव. माइक पांडे यांनी ही कत्तल ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात टिपली. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचं नाव आलं. २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक, असं सांगत गावोगाव आवाहन केलं. जे कोळी त्याची शिकार करायचे, तेच जाळी कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

म्हणजे दोष पडद्याचा नाही, पडद्यावर काय दाखवायचं या निवडीचा आहे, आणि ती निवड प्रेक्षकांच्या मागणीवर ठरते. तेव्हा पुढच्या वेळी शार्कचा कार्यक्रम लागला की रिमोट घ्या, आवाज बंद करा आणि नुसतं पाहा. मग पोराबाळांना सांगा, याची बहीण आपल्या किनाऱ्यावर राहते, तिचं नाव मुशी. आणि मराठी वाहिन्यांकडे हट्ट धरा, आम्हाला तिची गोष्ट दाखवा.