भुरी बुरशी, केवडा नव्हे

द्राक्षबागेतले हे दोन्ही रोग पांढरेच दिसतात, पण त्यांची घराणी वेगळी. भुरी ही खरी बुरशी, यीस्ट आणि पेनिसिलियमच्या गोतातली. तिची पिठूळ पूड मण्यावरून बोटाने पुसता येते. केवडा, म्हणजे बागायतदारांचा ‘डाऊनी’, पानावर तेलकट पिवळा डाग पाडतो आणि खालून पांढरी लव धरतो. त्याच्या पेशीभित्तिकांत सेल्युलोज असते, बुरशीच्या भित्तिकांत कायटिन. नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, म्हणून पान ओले राहिले की तो बोकाळतो. भुरीला नुसती दमट, ढगाळ हवा पुरते. गंधक भुरीवर चालते. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण, जे १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये याच रोगावर पुढे आले. पावसाळ्यात चामडी चपलेवर येते ती बुरशी तिसरीच: ती मृत पदार्थांवर जगते, हे दोघे फक्त जिवंत वेलीवर.