आनुवंशिक तोलविकारांत दृक्-परीक्षेचे स्थान

चालताना तोल जाणारा, बोलणे जड झालेला, तिशी-चाळिशीतील रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा तो बहुधा ‘चक्कर येते’ एवढेच सांगतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून पूर्वीसारखे चालता येईनासे होते, आणि तेच या विकाराचे घरच्यांच्या लक्षात येणारे पहिले लक्षण ठरते. गावात मात्र तो दारू पिऊ लागला अशी कुजबुज आधी सुरू होते. वैद्य वातव्याधी म्हणून चिकित्सा आरंभितो, औषधालयातून चकरेच्या गोळ्या महिनोन्‌महिने नेल्या जातात. वडील व आत्या अशाच चालीने अंथरुणाला खिळले होते, ही गोष्ट कोणी विचारीत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. अशा रुग्णाचे निदान पुष्कळदा त्याच्या डोळ्यांच्या गतीत उघड दिसत असते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. म्हणूनच हा विषय वैद्यबंधूंपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

अष्टविध परीक्षेत दृक्-परीक्षेचा समावेश आहेच. परंतु व्यवहारात आपण नेत्रांचा वर्ण, रूक्षता, स्राव व पापण्यांचा शोथ पाहून थांबतो. नेत्र हलतो कसा, हे क्वचितच पाहिले जाते.

या बाबतीत जगाला एक महत्त्वाचे लक्षण दाखवून दिले ते मुंबईने. जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तोलाचा विकार होता आणि रुग्णांचे डोळे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे विलक्षण मंद गतीने सरकत. अशा तोलविकारांची त्या काळी एकच मोठी मोट बांधली जाई. मंद नेत्रगती हे वेगळ्या व्याधीचे चिन्ह होय, असे या द्वयीने केवळ रुग्णशय्येजवळच्या निरीक्षणावरून ठामपणे मांडले. पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, बाराव्या गुणसूत्रावरील ‘अटॅक्सिन-२’ या जनुकातील दोष सापडला आणि ‘स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया प्रकार २’, संक्षेपाने एससीए-२, या व्याधीला निश्चित ओळख मिळाली. पुढे १९९८ साली डॉ. वाडिया व सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांत जनुकीय तपासणी करून, या व्याधीच्या निदानात मंद नेत्रगतीला किती मोल आहे ते पुन्हा दाखविले. २०१२ साली पद्मभूषणने गौरविलेले डॉ. वाडिया २०१६ साली निवर्तले. प्रयोगशाळेच्या आधी डोळ्याने पाहिलेले पंचवीस वर्षांनी खरे ठरावे, ही आपल्यासारख्या दर्शन-स्पर्शन-प्रश्न यांवर भिस्त ठेवणाऱ्यांना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट आहे.

परीक्षा अशी करावी. रुग्णाला समोर बसवून हातभर अंतरावर आपली दोन्ही हातांची तर्जनी खांद्याएवढ्या रुंदीवर धरावी आणि डोके स्थिर ठेवून एकदा या बोटाकडे, एकदा त्या बोटाकडे पाहावयास सांगावे. मग हेच वर-खाली करावे. निरोगी डोळा एका झेपेत पोहोचतो. या झेपेचा वेग सेकंदाला चारशे-पाचशे अंशांपर्यंत जातो, त्यामुळे आपल्याला आरंभ व शेवट दिसतो, मधला प्रवास दिसत नाही. एससीए-२ मध्ये नेमका हा मधला प्रवास दिसू लागतो. बुबुळ संथ पाण्यातून सरकावे तसे सरकते. काही रुग्णांत वेग शंभर अंशांच्याही खाली येतो. रुग्ण नकळत पापण्या मिटतो किंवा आधी मान वळवितो व मागाहून डोळे आणतो. म्हणून हनुवटीला हलकेच हात लावून ठेवावा. वैद्याने घाई केली तर परीक्षा फसते. दहा-बारा वेळा शांतपणे पाहावे.

त्यानंतर रुग्णाला आपल्या नाकाकडे टक लावावयास सांगून त्याचे मस्तक हळूहळू डावी-उजवीकडे फिरवावे. एससीए-२ मध्ये या वेळी डोळे सहज कडेपर्यंत जातात. याचा अर्थ नेत्राचे स्नायू व त्यांच्या नाड्या शाबूत असून झेपेची आज्ञा देणारे केंद्र क्षीण झाले आहे. हे केंद्र मस्तिष्कस्तंभात असते: आडव्या झेपेचे पॉन्समध्ये, उभ्या झेपेचे त्याच्या वरच्या मध्यमस्तिष्कात. एससीए-२ मध्ये पॉन्सचा क्षय ठळक असल्याने आडवी गती आधी मंदावते. उलट मस्तक फिरवूनही डोळे हलत नसतील आणि पापण्याही लोंबत असतील, तर दोष स्नायूंत शोधावा. मायटोकाँड्रियाच्या आनुवंशिक विकारांत असे घडते.

हाच धागा धरून इतर व्याधीही वेगळ्या करता येतात. बालकाला खाली पाहता येत नाही, जिना उतरताना ते अडखळते, अभ्यासात मागे पडते, प्लीहा वाढलेली आहे, अशा वेळी नीमन-पिक प्रकार ‘सी’चा संशय घ्यावा. गोशे व्याधीच्या तिसऱ्या प्रकारात आडवी झेप बिघडते. डोळे लयबद्ध थरथरत असतील तर एससीए-२ ऐवजी इतर प्रकारांचा विचार आधी येतो. मात्र फेनिटॉइन घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णात तीच थरथर व तोच झोक औषधाची मात्रा अधिक झाल्याने दिसतो. औषधालयचालकांनी हे ध्यानी ठेवावे.

आचार्यांनी बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार केला आहे आणि सुश्रुताने आदिबलप्रवृत्त व्याधी स्वतंत्र मांडले आहेत. एससीए-२ ची उपपत्ती या चौकटीत समजून घेणे कठीण नाही. जनुकात ‘सीएजी’ या तीन अक्षरांची पुनरावृत्ती निरोगी माणसात बहुधा २२ वेळा असते; ती साधारणतः ३३ वा अधिक झाली की व्याधी प्रकटतो. संख्या जितकी मोठी, तितका आरंभ लवकर. पित्याकडून येताना ती विशेष वाढू शकते, म्हणून मुलाला बापापेक्षा कमी वयात त्रास सुरू होतो. आपल्या जिल्ह्याला सिकलसेल परिचित आहे, त्यामुळे दोन्हीकडून दोष आला तरच आजार, असे लोक मानतात. येथे तसे नाही: एका पालकाचा दोष पुरेसा असून प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते, मुलगा असो वा मुलगी. सासरच्या वा माहेरच्या कोणाही स्त्रीला बोल लावण्यास जागा नाही, हे कुटुंबाला स्पष्ट सांगावे.

क्यूबाच्या होल्गीन प्रांतात हा व्याधी जगात सर्वाधिक आढळतो. तेथील अभ्यासांत चाल बिघडण्यापूर्वीच झेपेचा वेग उतरू लागल्याचे दिसले. म्हणूनच सावधगिरी हवी. रुग्णाच्या निरोगी, अविवाहित भावंडांचे डोळे सहज म्हणून तपासून चारचौघांत शंका बोलून दाखविणे हा अन्याय होय. सोयरीक मोडावयास एवढे पुरते. अशी तपासणी सज्ञान व्यक्तीने स्वतः मागितल्यावर, समुपदेशनासहच व्हावी.

एससीए-२ परतविणारे औषध आज उपलब्ध नाही. अभ्यंग, बस्ती यांनी स्तंभ व वेदना यांत उपशय मिळू शकेल; तोलाचा नियमित व्यायाम आणि गिळताना ठसका लागत असल्यास आहारातील बदल यांचा उपयोग निश्चित आहे. बरे करण्याचे वचन देऊन शेत विकावयास लावू नये. पण याच रुग्णसमूहात काही साध्य व्याधी लपलेले असतात आणि ते हुकले तर हानी आपल्या हातून होते. जीवनसत्त्व ‘ई’च्या आनुवंशिक न्यूनतेतील तोलविकार त्याच जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रोखता येतो. विल्सन व्याधीत यकृत व मेंदूत ताम्र साचते. कृष्णमंडलाच्या कडेला तपकिरी-हिरवट वलय दिसू शकते. वेळीच पेनिसिलामीन वा जस्त दिल्यास रुग्ण सुधारतो. असे मूल अनेकदा प्रथम कामला म्हणून आपल्याकडे येते आणि त्याला आरोग्यवर्धिनी दिली जाते. आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म आहे. कामलेसोबत कंप, लाळ गळणे, अक्षर बिघडणे वा वर्तनात पालट असेल, किंवा भावंड यकृतविकाराने दगावले असेल, तर सेरुलोप्लाझ्मिनची तपासणी होईपर्यंत ताम्रयुक्त कल्प देऊ नये. औषधालयानेही तो मागणीवरून काढून देऊ नये.

चकरेच्या गोळ्यांचे तसेच आहे. वस्तू फिरल्याचा भास होत नसून केवळ पाय झोकांडत असतील, तर त्या गोळ्यांचा लाभ नाही. प्रोक्लोरपेराझीन दीर्घकाळ घेतल्यास कंप व जाड्य वाढते. अशा रुग्णाला नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात अथवा तेथील एम्समध्ये मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चिठ्ठीत तीन पिढ्यांचा वंशवृक्ष, आरंभाचे वय, आडवी व उभी नेत्रगती, मस्तक फिरविल्यावर पडलेला फरक आणि चालू असलेल्या सर्व औषधांची, भस्मांसह, नावे लिहावीत.