घोणस चावल्यावर लघवीकडे लक्ष का ठेवायचे?

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आपल्या अनेक सभासदांच्या घरी शेतीची धांदल सुरू होते. भाताच्या बांधावर, उसाच्या पाल्यात उंदीर येतात आणि त्यांच्या मागोमाग घोणस. अंगावर साखळीसारखे गडद ठिपके आणि डिवचली तर कुकरच्या वाफेसारखा मोठा फूत्कार, ही तिची ओळख. ती चावली की आपण सूज पाहतो, जखम पाहतो. पण तिचे विष मूत्रपिंडालाही इजा करते, हे घरोघरी माहीत असायला हवे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. त्यांच्या भिंतींतून पाणी आणि टाकाऊ द्रव्ये झिरपतात. रक्तपेशी आतच राहतात. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी असे गाळले जाते. त्यातले बहुतेक पुढच्या नलिका परत शोषून घेतात आणि उरते ती दीड-दोन लिटर लघवी. यासाठी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. रक्तात विष असेल तर तेही तिथे पोहोचते.

घोणशीचे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना भलत्या वेळी कामाला लावते. बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होतात आणि गाळण्या तुंबतात. हे घटक असे खर्ची पडले की उरलेले रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. विष वाहिन्यांचे आतले अस्तरही पोखरते. रक्तातले पाणी बाहेर पाझरते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. नलिकांनाही थेट इजा होते.

इजा नलिकांपुरती असेल तर काही आठवडे डायलिसिसचा आधार घेऊन मूत्रपिंड बहुधा सावरते. पण रक्त न मिळाल्याने मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मोठ्या प्रमाणात मेला, तर तो भाग पुन्हा तयार होत नाही. सापाच्या विषावरची लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. तुंबलेली वाहिनी ती मोकळी करू शकत नाही. म्हणून वेळ महत्त्वाचा.

रुग्णाला धीर द्यावा, चालवू नये. अंगठी, पैंजण, घड्याळ काढावे. हाड मोडल्यावर बांधतो तसा फळीचा आधार देऊन हातपाय स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. करकचून दोरी बांधू नये, जखम कापू नये, विष चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. वेदनाशामक गोळी मनाने देऊ नये. काही गोळ्यांनी रक्तस्राव आणि मूत्रपिंडाची इजा दोन्ही वाढतात.

रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर विष भिनल्याची खूण मिळते.

घरी सोडल्यावरही काही दिवस लघवी किती होते, रंग कसा आहे, हे पाहावे. लघवी कमी झाली, लालसर किंवा चहासारखी झाली, चेहरा सुजला, कंबर दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जावे. पायाची सूज उतरली म्हणजे धोका टळला, असे आपण समजू नये.